राष्ट्राध्यक्षानं परराष्ट्र धोरणात तज्ज्ञांचं किती ऐकावं?

हळदपेठ (सांगली)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

आमचं घर तीन पिढ्या हळदीत आहे. सौद्याला उभं राहायचं, राजापुरी घ्यायची, दळून पाठवायची. थोडा माल न्यू जर्सीला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये ७ तारखेला अमेरिकेत भारतीय मालावर २५ टक्के आयातकर बसला आणि २७ तारखेला आणखी २५. दुसरे २५ कशाबद्दल, तर आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून. तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "सध्या थांबा." भरलेली पोती गोदामात तशीच राहिली. दिवाळीच्या तोंडावर दोन बायकांना काम नाही म्हणून सांगावं लागलं. त्यातली एक माझ्या आईच्या वेळेपासून होती.

तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय. त्या देशात भारताचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेली माणसं आहेत. परराष्ट्र खातं आहे, विद्यापीठं आहेत, मराठी शिकून बखरी वाचणारे प्राध्यापकसुद्धा आहेत. त्यांच्यापैकी कुणीच राष्ट्राध्यक्षाला सांगितलं नसेल का? की सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही?

आम्ही सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय बोली लावत नाही. ज्याला मोडून बघता येत नाही, त्यानं मोडणाऱ्याचं ऐकावं. माझं मत सरळ आहे. परराष्ट्र व्यवहारात तज्ज्ञांचा सल्ला राष्ट्राध्यक्षावर बंधनकारकच असला पाहिजे. एका माणसाच्या मनात आलं म्हणून हजारो मैलांवरचं गोदाम बंद पडू नये.

तुम्हाला काय वाटतं?

---

भडंगवाला

त्या बाईंना परत कामावर घेतलंत का? आधी तेवढं सांगा.

---

हळदपेठ

@भडंगवाला, हो. पाडव्यानंतर आल्या. स्थानिक मागणीवर चालवतोय.

---

कलम_चौऱ्याहत्तर (सांगली)

एक खुलासा सुरुवातीलाच करतो, नाहीतर पुढे घोळ होईल. आपले राष्ट्रपती राज्यघटनेच्या कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. आपल्याकडे परराष्ट्र धोरण ठरतं ते पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडून. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो. त्याचे मंत्री त्यानं नेमलेले असतात आणि त्यांचा सल्ला त्याच्यावर बांधील नसतो. १९४७ च्या कायद्यानं त्यांची राष्ट्रीय सुरक्षा परिषद आली, तीही सल्ल्यापुरतीच. त्यामुळे इथे 'राष्ट्राध्यक्ष' म्हणजे अंतिम निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस, असं धरून बोलू.

---

अजिंक्यतारा (सातारा)

चांगला धागा. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. या प्रश्नावर मुलांना नेहमी एकाच माणसाची दोन उदाहरणं द्यायचो.

एप्रिल १९६१. केनेडी नुकतेच निवडून आलेले. गुप्तहेर खात्यानं आखलेली योजना त्यांच्यापुढे आली. सुमारे १,४०० क्युबन निर्वासितांना शस्त्रं देऊन क्युबात उतरवायचं, मग लोक उठाव करतील आणि कॅस्ट्रो जाईल. ॲलन डलेस, रिचर्ड बिसेल, दोघंही या कामात मुरलेले. सेनाप्रमुखांनी अर्ध्या मनानं मान डोलावली. तरुण अध्यक्षानं विचार केला की एवढी जाणती माणसं म्हणताहेत तर बरोबरच असेल. तीन दिवसांत सगळं संपलं. अकराशेहून जास्त माणसं पकडली गेली.

ऑक्टोबर १९६२. क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली. अध्यक्ष तेच, सेनाप्रमुखांचं कार्यालय तेच, गुप्तहेर खातं तेच. या वेळी केनेडींनी काय केलं? वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवली आणि दिवसचे दिवस वाद घालू दिला. काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे अध्यक्षाचं तोंड बघून कुणी बोलणार नाही. हवाईदलाचे प्रमुख लमे हल्ल्यावर अडून होते. त्याच टेबलाशी लुएलिन थॉम्पसन नावाचा माणूस बसला होता. मॉस्कोत राजदूत राहिलेला आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या घरी कुटुंबासह मुक्काम केलेला. २७ तारखेला केनेडी म्हणाले की आता नुसत्या बोलण्यानं काही साधणार नाही. थॉम्पसननं तिथल्या तिथे सांगितलं की मला तसं वाटत नाही. ख्रुश्चेव्हला आपल्या लोकांपुढे 'मी क्युबा वाचवला' असं म्हणता आलं तर तो माघार घेईल. केनेडींनी ते मानलं. सोबत तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचा शब्दही गुपचूप दिला. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून हळदपेठ, 'बंधनकारक' म्हणालात तिथे मी अडखळलो. १९६१ मध्ये सल्ला पाळला म्हणून आपटी खाल्ली. १९६२ मध्ये लमेंचा सल्ला बंधनकारक असता तर आज हा धागा लिहायला आपण असतो की नसतो, कोण जाणे.

---

माणदेशी (दहिवडी)

सर, निम्मंच सांगितलंसा.

तज्ज्ञ म्हंजे कोण? व्हिएतनामचं युद्ध कुणी चालवलं? मॅकनामारा, फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झालेला संरक्षणमंत्री. बंडी, हार्वर्डचा डीन राहिलेला सुरक्षा सल्लागार. त्या वक्ताला त्यांच्यापेक्षा शिकलेली माणसं अख्ख्या अमेरिकेत न्हवती. ५८ हजार अमेरिकन पोरं मेली आणि व्हिएतनामी तर किती पट. इराकमध्ये 'शस्त्रं हायतच' म्हणून सांगणारं गुप्तहेर खातं तज्ज्ञच हुतं की. सोव्हिएत युनियन कोसळणार हे किती तज्ज्ञांना दिसलं? १९८७ ला बर्लिनमध्ये रेगन भिंत पाडा म्हणाला, ते वाक्य भाषणातनं काढून टाका म्हणून त्याचंच परराष्ट्र खातं मागं लागलं हुतं. दोन वर्षांत भिंत गेली.

आमच्याकडं दुष्काळावर किती अहवाल आले, मोजदाद नाही. टँकर मात्र दर उन्हाळ्याला यायचाच. मत आम्ही माणसाला देतो, अहवालाला न्हाई. चुकला तर त्याला पाडता येतं. तज्ज्ञाला कोण पाडणार?

---

भडंगवाला

माणदेशींच्या शेवटच्या वाक्याला +१.

---

मेघना_वाई

माणदेशी, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, पण व्हिएतनामचं उदाहरण माझ्या मते उलट बाजूचं आहे.

मॅकनामारा आणि बंडी हुशार होते, पण व्हिएतनामचे तज्ज्ञ नव्हते. हुशार असणं वेगळं आणि एखाद्या मुलखाची भाषा, माणसं, जुनी भांडणं माहीत असणं वेगळं. ती माहिती असलेली माणसं अमेरिकेकडे होती. जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस, जॉन कार्टर व्हिन्सेंट. चीनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले परराष्ट्र खात्याचे अधिकारी. १९४० च्या दशकात त्यांनी कळवलं होतं की च्यांग कै-शेकची बाजू पोकळ आहे आणि कम्युनिस्ट जिंकतील. झालं तसंच. मग सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात 'चीन कुणी घालवला?' म्हणून आरडाओरडा झाला आणि खरं सांगणाऱ्यांनाच नोकरीतून घालवलं. पुढच्या पिढीनं काय धडा घेतला असेल? वाईट बातमी वर कळवायची नाही. १९९५ मध्ये मॅकनामारांनी स्वतःच्या आठवणींत कबूल केलं की आशियाच्या जाणकारांची अशी हकालपट्टी झाल्यामुळे व्हिएतनामच्या वेळी आमच्यापाशी विचारायला कुणी नव्हतं.

इराकचंही तसंच. शस्त्रांबद्दल गुप्तहेर खातं चुकलं हे खरं. पण युद्धानंतर काय करायचं याचा अभ्यास परराष्ट्र खात्यानं इराकी माणसांना बरोबर घेऊन आधीच केला होता. तो बाजूला पडला. फेब्रुवारी २००३ मध्ये लष्करप्रमुख शिनसेकींनी सांगितलं की ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील. वरिष्ठांनी ते चारचौघांत खोडून काढलं. मे महिन्यात इराकी सैन्यच बरखास्त केलं आणि हत्यारं चालवता येणारी लाखो माणसं एका दिवसात बेकार झाली.

आणखी एक. परंपरेनं अमेरिकेचे साधारण तीस टक्के राजदूत राजकीय नेमणुकीचे असतात, त्यात निवडणुकीला पैसे देणारेही येतात. ज्या देशात जायचं त्या देशाची भाषा येत नाही, हे तिथे नवल नाही.

---

बाग_तासगाव

मला परराष्ट्र धोरणातलं कळत नाही, पण सल्लागाराचं कळतं. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, बेदाण्याची.

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळे फुटायला लागल्यापासून, पुढचे चाळीस दिवस जीव टांगणीला असतो. पाऊस आला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग. एकराला ठरावीक पैसे घेणारा सल्लागार आम्ही लावतो. शिकलेला माणूस आहे. पान उलटं करून बघतो आणि सांगतो की आज हे मारा, परवा ते मारा. त्याचं ऐकून माझा फायदाच झालाय.

पण एका वर्षी काय झालं. बागेचा खालचा तुकडा ओढ्याकडेला आहे. तिथं सकाळी दहापर्यंत दव हटत नाही. हे मला माहीत, माझ्या बापाला माहीत. सल्लागार दुपारी यायचा, त्याला कोरडी बाग दिसायची. मी त्याला दवाचं सांगितलंच नाही. एवढा शिकलेला माणूस, त्याला कळत असणारच, असं मनात. त्या तुकड्यातले घड गेले. सल्ला त्याच्या जागी बरोबर होता. माझी बाग त्याला पुरती माहीत नव्हती, आणि ते माझं चुकलं.

तेव्हापासून तो आला की आधी मी बोलतो, मग तो. कुठं किती ऐकायचं ते नंतर. आधी त्याला खरं सगळं सांगायचं.

---

अजिंक्यतारा

@बाग_तासगाव, तुमचा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठलो. १९६१ मध्ये नेमकं हेच घडलं. गुप्तहेर खात्याच्या मनात होतं की योजना फसायला लागली की अध्यक्ष अमेरिकेचं सैन्य पाठवतीलच. अध्यक्षांचं ठरलेलं होतं की काही झालं तरी पाठवायचं नाही. दोघांनी एकमेकांना हे नीट बोलून दाखवलं नाही. त्या किनाऱ्यावरच्या माणसांना वाटत राहिलं की मदत येतेय.

एकतीस वर्षांत हे मला इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. ओढ्याकडेचं दव.

---

औंधकर

चर्चा अमेरिकेतच फिरतेय. हा प्रश्न साताऱ्यात तीनशे वर्षांपूर्वी येऊन गेलाय.

१७२० मध्ये कराडजवळ मसूरला शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली. बाजीरावांना वीस वर्षंही पूर्ण नव्हती. दरबारात जुनी जाणती मंडळी होती, त्यात आमच्या औंधच्या घराण्याचे श्रीपतराव प्रतिनिधी. पुढे वाद झाला तो परराष्ट्र धोरणाचाच. बाजीरावांचं म्हणणं, दिल्ली पोखरलेली आहे, उत्तरेकडे चला. प्रतिनिधींचं म्हणणं, आधी घर सांभाळा. निजाम दक्षिणेत बसलाय, कर्नाटक आणि कोकण सुटायचंय, मग लांबचं बघू.

बखरींत हा प्रसंग बाजीरावांच्या बाजूनं रंगवलेला असतो आणि प्रतिनिधी भित्रे ठरतात. मला ते अन्यायाचं वाटतं. निजामाची भीती खोटी नव्हती. १७२७ मध्ये त्यानं कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन शाहूंच्या गादीलाच हात घातला. पण तेव्हा प्रतिनिधी तडजोडीकडे झुकले होते आणि बाजीरावांनी ती उधळून फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं. म्हणजे संकट ओळखलं एकानं आणि उपाय दुसऱ्याचा लागू पडला.

शाहूंचं मोठेपण मला इथे दिसतं. ते वयाच्या सातव्या वर्षापासून जवळपास अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत कैदेत होते. दिल्लीचा दरबार आतून कसा चालतो हे साताऱ्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. एक मत स्वीकारलं, पण दुसऱ्या मताच्या माणसाला दरबारातून घालवलं नाही. प्रतिनिधी शेवटपर्यंत प्रतिनिधीच राहिले.

---

चार_भिंती (सातारा)

औंधकरांचा प्रतिसाद आवडला. पण साताऱ्याचंच दुसरं उदाहरण देतो, अंगावर काटा येणारं.

'जागेवरचा जाणकार' नेहमी खरं बोलतो असं मेघनाताईंच्या लिहिण्यातून वाटलं. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं ते कशावरून? ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या रेसिडेंटनं, म्हणजे दरबारातल्या तिच्या प्रतिनिधीनं, पाठवलेल्या कागदांवरून. मुंबईचा गव्हर्नर, लंडनचे बहुतेक संचालक म्हणाले की जो साताऱ्यात बसलाय त्याला जास्त कळतं. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. एक तपाहून जास्त काळ तिथे राहून दारोदार सांगत फिरले की तुमच्या जाणकारानं पाठवलेला पुरावा खोटा आहे. महाराज १८४७ मध्ये काशीला कैदेतच वारले. १८४८ मध्ये राज्य खालसा झालं. रंगो बापूजी १८५३ मध्ये मोकळ्या हातानं परतले.

रेसिडेंटला भाषा येत होती, माणसं माहीत होती. तरीही. कारण त्याच्या सांगण्याची नीट उलटतपासणी लंडनमध्ये झालीच नाही. उलट सांगायला आला होता तो साताऱ्याचा माणूस, आणि त्याचं ऐकायची कंपनीला गरज वाटली नाही.

---

मेघना_वाई

@चार_भिंती, मान्य. माझ्या लिहिण्यात ही फट होती. तज्ज्ञाचं हित कुठे गुंतलंय, हे विचारलंच पाहिजे.

---

कृष्णामाई_४५ (सांगलीवाडी)

तज्ज्ञांचा विषय निघालाय आणि सांगलीचा माणूस गप्प बसेल असं होणार नाही. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही तीन दिवस गच्चीवर. नंतर समिती बसली, वडनेरे समिती. तिनं सांगितलं की पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार नाही. पाऊस अफाट, नदीपात्रात अतिक्रमण वगैरे. इथल्या कुणाही माणसाला विचारा, तो अलमट्टीच म्हणेल. आता मुख्यमंत्र्यांनी कर्नाटकाशी बोलायला बसताना समितीचं ऐकायचं की आमचं?

---

कलम_चौऱ्याहत्तर

कृष्णामाई, अलमट्टीवर वेगळा धागा आहे, इथे सुरू झालं तर मूळ विषय वाहून जाईल.

---

कृष्णामाई_४५

वाहून जाण्याबद्दल आम्हाला सांगू नका. आणि विषय तोच आहे. शेजाऱ्याशी कसं बोलायचं आणि कुणाच्या माहितीवर.

मी समितीचा अहवाल खोटा म्हणत नाही. मी अहवालावर झालेल्या बातम्या सगळ्या वाचल्या. पात्रातल्या अतिक्रमणाचं जे म्हटलंय ते मला दिसतं, माझ्याच गल्लीत दिसतं. पण गच्चीवर बसलेल्या माणसाला कुणी येऊन समजावून सांगितलं नाही की तुला जे वाटतं ते का बरोबर नाही. न समजावता दिलेला सल्ला लोक मानत नाहीत. मग पुढारी लोकांना हवं ते बोलतात आणि अहवाल कपाटात जातो. अमेरिकेतही हेच झालं असेल असं वाटतं.

---

माणदेशी

कृष्णामाई, लाख बोललासा.

---

कराडकर

मी गेले दोन दिवस नुसता वाचतोय. आता राहवत नाही.

अजिंक्यतारा सरांनी ऑक्टोबर १९६२ सांगितला. त्याच दिवसांत, २० ऑक्टोबरला, चीननं आपल्यावर हल्ला केला. तिकडे केनेडी टेबलाभोवती वाद घडवत होते आणि इकडे दिल्लीत वाद घालणारी माणसं आधीच बाजूला पडली होती. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्येच राजीनामा दिला होता, तो त्यांना परत घ्यायला लावला. चीन मोठा हल्ला करणार नाही हे वरच्यांनी गृहीत धरलं होतं. हाताशी थंडीचे कपडे नसलेली पलटण पुढे ढकलली. पंडित नेहरूंना जगाचा इतिहास तोंडपाठ होता, त्यांच्याइतका जाणता पंतप्रधान त्या काळी कुठे होता? तरी हे झालं. स्वतःच तज्ज्ञ असलेल्या नेत्याला तर विरोध करणारा माणूस जास्तच लागतो.

मग नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. देवराष्ट्र्याचा मुलगा, कराडला वाढलेला, सैन्यातला एक दिवस अनुभव नाही. त्यांनी काय केलं? रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. मला माहीत नाही, तुम्ही सांगा, आणि एकमेकांसमोर सांगा. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि विमानं पाठवायची परवानगी हवी म्हणून हवाईदल प्रमुख अर्जनसिंग आले, तेव्हा चव्हाणांनी काही मिनिटांत हो म्हटलं. रोज ऐकून कान तयार झाला होता, म्हणून मिनिटांत ठरवता आलं, असं मला वाटतं.

आणि आता दुसरी बाजू, कारण मला चव्हाणसाहेबांचं नुसतं कौतुक करायचं नाही. त्याच युद्धाच्या शेवटी शास्त्रीजींनी लष्करप्रमुखांना विचारलं की आणखी काही दिवस लढलो तर निकाल आपल्या बाजूनं लागेल का. उत्तर आलं की आघाडीचा बराचसा दारूगोळा संपत आलाय. युद्धबंदी मान्य झाली. नंतर हिशेब लागला तेव्हा तो दारूगोळा जेमतेम १४ टक्के वापरला गेला होता. कोठारं मोजून या, असं त्या खोलीत कुणी म्हटलं नाही. आमच्या घरी वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बसायचा.

---

हळदपेठ

कराडकर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. बोलीच्या वेळी पोतं मोजून घ्यावं लागतं तसंच हे.

---

मेघना_वाई

कराडकरांनी १९६५ सांगितलं, मी १९७१ सांगते. हळदपेठांचा मूळ प्रश्न होता, 'सांगितलं नसेल का, की ऐकलं नाही?' त्याचं उत्तर एका प्रसंगी तरी कागदावर आहे.

आर्चर ब्लड ढाक्यात अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्यानं कत्तल सुरू केली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ६ एप्रिलला तिथल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी सह्या करून वॉशिंग्टनला तार पाठवली, की आपलं सरकार यावर गप्प बसतंय आणि हे नैतिकदृष्ट्या दिवाळखोरीचं आहे. दिल्लीतले राजदूत कीटिंग यांनीही तेच सुनावलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी ऐकलं नाही, कारण पाकिस्तानमार्फत चीनशी गुप्त बोलणी चालू होती. जुलैत किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. ब्लडना ढाक्यातून परत बोलावलं गेलं. डिसेंबरात सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं.

चीनशी दार उघडणं ही निक्सन यांची मोठी कामगिरी मानली जाते आणि तीही नेहमीच्या खात्याला बाजूला ठेवून झाली. माणदेशींच्या बाजूनं हे सांगायलाच हवं. पण त्यासाठी जे मेले त्यांचं काय? दोन्ही गोष्टी एकाच वर्षी, एकाच खोलीत घडल्या. मला अजून याचा हिशेब लावता येत नाही.

एक गोष्ट मात्र टिकली. परराष्ट्र खात्यात त्याच वर्षी विरोधी मत लेखी कळवायची वेगळी सोय सुरू झाली होती. ढाक्याची तार त्याच वाटेनं गेली. कुणाही अधिकाऱ्यानं लिहावं, ते वरपर्यंत जावं, आणि लिहिल्याबद्दल शिक्षा होऊ नये. शिक्षा होऊ नये हे कागदावरच राहतं, ब्लड यांच्याकडे बघितलं की कळतं. पण तार राहिली. आज आपण सांगली-साताऱ्यात बसून तिच्याबद्दल बोलतोय.

---

अपशिंगेकर (मिलिटरी अपशिंगे)

माझं गाव तुम्हाला माहीत असेल. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण गेले, त्यांची आठवण गावात दगडावर कोरलेली आहे. ते युद्ध कुणाच्या सल्ल्यानं झालं हे त्या ४६ जणांना कुणी सांगितलं नसणार.

माझे वडील १९८७ मध्ये श्रीलंकेत होते. काल रात्री हा अख्खा धागा त्यांना वाचून दाखवला. त्यांना मोतीबिंदू आहे म्हणून मोठ्यानं वाचला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की आम्हाला सांगितलं होतं, शांतता राखायला जाताय, तमिळ लोक हार घालतील. पहिले काही दिवस घातलेही. ऑक्टोबरात त्याच लोकांवर बंदूक रोखायची वेळ आली. हाताला दिलेले नकाशे जुने, गल्ल्या कुठे फुटतात ते नकाशात नाही. 'प्रभाकरन ऐकेल असं वर कुणीतरी सांगितलं असणार, आणि कुणीतरी मानलं असणार,' एवढंच म्हणाले. आपले जवळपास बाराशे जवान तिथून परत आले नाहीत.

मी विचारलं, मग तज्ज्ञांचं ऐकावं की नाही? ते म्हणाले, ज्याला तिथं जायचंय त्याला एकदा विचारा. तो सांगेल नकाशा जुना आहे म्हणून.

---

अजिंक्यतारा

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

माणदेशी

माझा पण सांगा. ते बोलले त्यावर आता माझ्याकडं बोलायला काय न्हाई.

---

अकरावी_कला_मिरज

मी नवीन आहे. आमच्या कॉलेजात वादविवाद आहे, विषय जवळपास हाच. मला 'तज्ज्ञांवर विसंबावं' ही बाजू आलीय. इथलं वाचून घोटाळा झाला, कारण प्रत्येक उदाहरण दोन्हीकडे जातंय. हळदपेठ काका, तुमचं मत अजून 'बंधनकारक' हेच आहे का?

---

हळदपेठ

बाळ, नाही राहिलं.

धागा काढला तेव्हा राग होता, गोदामातली पोती डोळ्यांसमोर होती. आता वाटतं की राष्ट्राध्यक्षाला सल्ला नाकारायचा हक्क हवा. १९६२ मध्ये तो होता म्हणून जग वाचलं. पण न ऐकता नाकारायचा हक्क नको. माझं आता असं म्हणणं आहे. मोठा निर्णय घेण्याआधी त्या मुलखाची भाषा येणाऱ्या, तिथे राहिलेल्या माणसाचं मत लेखी घ्यावं. त्याच्या विरुद्ध मत असलेल्याचंही घ्यावं, दोघांनी एकमेकांसमोर बोलावं. अध्यक्षानं स्वतःच्या मनात काय आहे ते त्यांना लपवू नये, तासगावचे म्हणाले तसं. आणि नाकारलं तर का नाकारलं हे सहीनिशी लिहून ठेवावं. काही वर्षांनी ते लोकांसमोर यावं. म्हणजे माणदेशींना ज्याला पाडायचंय तो कोण हे कळेल, आणि ज्यानं खरं सांगितलं होतं त्याचं नावही कळेल.

माझ्या हळदीवर कर लावताना असा कागद लिहिला गेला का, मला ठाऊक नाही. लिहिला असेल तर मला तो वाचायचाय. माझ्या मुलाला तरी वाचायला मिळावा.

तुला बाजू मांडायची असेल तर थॉम्पसन घे. विसंबावं म्हणजे मान डोलवावी असं नाही, तर त्याला आपल्याला टोकू द्यावं, असं मांडून बघ. अजिंक्यतारा सर आणखी सांगतील.

---

अजिंक्यतारा

जरूर. बाळ, व्यक्तिगत निरोप पाठव, केनेडींच्या त्या बैठकांचे मुद्दे काढून ठेवलेत. त्या बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, त्यामुळे कोण नेमकं काय म्हणालं ते मिळतं. स्पर्धा कधी आहे?

---

अकरावी_कला_मिरज

शनिवारी सर. आणि अपशिंगेकर ताई, तुमच्या आजोबांचं ते नकाशाचं वाक्य मी भाषणात घेऊ का?

---

अपशिंगेकर

आजोबा नाहीत गं, वडील आहेत. विचारलं त्यांना. घे म्हणाले. नाव नको, 'एक जवान' एवढंच म्हण.